थोरल्या बेहड्याचं दार

त्या रानात धनेशांना घर बांधता येत नसे. चोच केवढी थोरली, तिच्यावर आणखी एक शिंगासारखा मानाचा तुरा, पण लाकडापुढे त्या चोचीचं काही चालत नसे. फळ अलगद खुडावं, हवेत उडवून झेलावं, पिलाला भरवावं, फार तर एखादी कोवळी साल तोडावी, इतकंच. म्हणून धनेश घर बांधत नसत, शोधत. जुन्या झाडाची एखादी फांदी वादळात मोडायची, मोडल्या जागी पाणी मुरायचं, आतलं लाकूड कुजून पोकळ व्हायचं, आणि पाच-पंचवीस वर्षांनी त्या ढोलीत एखाद्या जोडप्याचा संसार सुरू व्हायचा.

रानातलं सगळ्यात जुनं घर थोरल्या बेहड्यात होतं. सात पिढ्या एकाच घराण्यानं ते राखलं होतं, आणि त्या घराण्याला सगळे बेहडेकरच म्हणत. चार डोंगर ओलांडून पाखरं नुसतं ते बघायला येत. समोरच्या फांदीवर ओळीनं बसत, माना तिरक्या करत आणि म्हणत, "काय हो जुनं काम! आता असं होत नाही." जणू ते कुणी केलंच होतं.

घर राखण्याचं एक शास्त्र होतं. वर्षभरात दाराच्या कडेची साल फुगून आत सरकायची. हंगामाच्या सुरुवातीला घरच्या कर्त्यानं ती तोडून दार पुन्हा बेहडेकरांच्या मापाचं करायचं. याला चौकट काढणं म्हणत. पहिला घाव बसला की अख्खं झाड शहारायचं, दोन-चार पानं गळायची. मग समोर बसलेले वडीलधारे गहिवरून म्हणायचे, "ओळखतं हो घर आपल्याला!" तोडल्या कडेतून डिंक पाझरायचा, त्याला घरचा प्रसाद म्हणत आणि दार लिंपायच्या मातीत कालवत. बाईमाणसानं या वेळी जवळ थांबायचं नाही अशी रीत होती. तिनं काम झाल्यावर तयार घरात यायचं.

राघोबा बेहडेकराची बायको मथू या घरात आली त्याला एकोणीस हंगाम झाले होते. आली तेव्हा नाक मुरडूनच आली होती. तिचं माहेर सातवीणीच्या झाडात, लख्ख हवेशीर. इथे काय, तर अंधार, ओल आणि सासरच्या सात पिढ्यांची कीर्ती. पहिल्या हंगामात तर ती राघोबाला म्हणाली होती, "तुमच्या त्या कीर्तीवर पाठ टेकता येत नाही हो, भुंगेरे चावतात."

धनेशांच्या बायकांचं जिणं तसं अवघडच. अंडी घालायची वेळ आली की ढोलीत शिरायचं, आतून ओल्या मातीनं दार लिंपून घ्यायचं, चोच बाहेर निघेल एवढी फट ठेवायची आणि तीन महिने आतच राहायचं. अंगावरची पिसं गळून जातात, नवी येतात, अंडी फुटतात, पिलं ओरडू लागतात. नवऱ्यानं बाहेरून आणून घालायचं आणि बायकोनं आतून बोलायचं.

मथू बोलायचीही भरपूर. "अहो, आजही उंबरंच?"

"वडाला बहर नाही अजून. मी काय फुंकर मारून पिकवू?" राघोबा म्हणायचा. आणि बडबडत का होईना, डोंगरापलीकडून एखादं वेगळं फळ शोधून आणायचा. दिवसाला वीस खेपा घालायचा बिचारा.

तिथे राहता राहताच मथूला ते घर कळत गेलं. जमीन दरसाल बोटभर खचायची, तिथे सालीचे तुकडे भरावे लागायचे. उजव्या कोपऱ्यात ओल धरायची, तिथे अंडं ठेवायचं नाही. मागची भिंत मात्र सात पिढ्यांच्या पाठी घासून तुळतुळीत झाली होती. दुपारी फटीतून उन्हाची एक रेघ आत यायची आणि त्या भिंतीवर हळूहळू चढायची. ती अर्ध्यावर आली की राघोबा यायचा. मथू त्या रेघेकडे बघत बसायची आणि तिला वाटायचं, जगात याहून बरी जागा असूच शकत नाही. तिनं हे राघोबाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं ते चार डोंगरांना ऐकवलं असतं.

आणि मग एका साली मथू आजारी पडली. त्या हंगामात ती ढोलीत बसली नाही, म्हणून चौकट काढली गेली नाही. दुसऱ्या साली बघतात तो दार निम्म्यानं मिटलेलं. डोकं जाई, खांदे जात नसत. इकडे धाकटी लेक आबोली हिचं कड्यावरच्या एका दणकट तरुणाशी जमलेलं, हंगाम तोंडावर आलेला.

"मी आता बसत नाही," मथूनं जाहीर केलं. "घर आबोलीचं."

"राहू दे गं आई," आबोली दुसरीकडे बघत म्हणाली. "मी बघेन माझी कुठेतरी."

"कुठेतरी? बेहडेकरांची लेक कुठेतरी? मी जिवंत आहे अजून!"

मथूनं धाकू सुताराला बोलावणं धाडलं. लाल टोपीचा, अंगानं एवढासा, पण लाकडातलं त्याला कळे तेवढं रानात कुणाला कळत नसे. त्यानं दोनदा टकटक केली, कान लावला आणि म्हणाला, "दोन दिवसांचं काम आहे, वहिनी." पहिला दिवस ठोकून बघण्यात गेला. दुसरा भिंतीतले भुंगेरे वेचून खाण्यात. आठव्या दिवशी मथूनं विचारलं तेव्हा त्यानं मान हलवली. "जुनं काम आहे. जुन्या कामाचा अंदाज येत नाही."

पण काम त्यानं चोख केलं. जमीन उचलून घेतली, ओल धरणारा कोपरा कोरडा केला, भिंतीतली चीर बुजवली. मथू डोकं आत घालून बघायची आणि तिला भरून यायचं. आपली लेक इथे पाठ टेकेल, तिच्या भिंतीवर ती रेघ चढेल. आता फक्त चौकट काढायची उरली होती. धाकूनं दाराच्या कडेला कान लावला, खोडाभोवती एक फेरी मारली, पुन्हा कान लावला आणि खाली उतरला.

"वहिनी, बाकी सांगाल ते करतो. दाराला चोच लावत नाही."

"आता हे काय नवीन?"

"वरची फांदी बघा. दरसाल तुमची चौकट निघाली की ती निम्मी वाळते. बेहडा मुळात असाच, असं तुम्ही म्हणता. गेल्या साली चौकट निघाली नाही, तर यंदा टोकापर्यंत हिरवी आहे." तो घुटमळला. "मिटू बघतंय ते, वहिनी. मिटू द्या."

मथूचं डोकंच फिरलं. "तू सुतार आहेस की वैद्य? सात पिढ्यांना कळलं नाही ते तुला आठ दिवसांत कळलं होय? जा, आम्ही आमचं बघून घेऊ!" धाकू उडून गेला. ती दिवसभर धुसफुसत राहिली, आणि वरच्या फांदीकडे मात्र तिनं एकदाही बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी राघोबा कामाला लागला. रीतीप्रमाणे मथूनं लांब जायचं, पण ती ऐकते कुठली! घर लेकीला द्यायचं, ते नीट मापाचं द्यायचं. "मी डोकं आत घालून माप बघते. तुम्ही माझ्या मानेच्या कडेनं तोडा," ती म्हणाली. राघोबाला ते पटलं नाही, पण एकोणीस हंगामांत त्याला बरंच काही न पटता झालं होतं.

मथूनं डोकं आत घातलं. राघोबानं पहिला घाव घातला.

बाहेर झाड शहारलं, पानं गळली. ते मथूला दिसलं नाही. तिला आतून ऐकू आलं. खालून, जिथे ती एकोणीस हंगाम अंडी उबवत बसली होती त्याच्याही खालून एक आवाज वर आला. तापलेलं पोर कूस बदलताना कण्हतं ना, तसा. तो त्या तुळतुळीत भिंतीतून वर गेला आणि थांबला. राघोबानं दुसरा घाव घातला. पुन्हा तो आवाज आला.

"अहो, थांबा!"

"झालं माप?"

"थांबा म्हणते ना!" तिनं डोकं बाहेर काढलं. चोचीला डिंक लागला होता, आणि तो कशानं पुसावा हे तिला सुचेना. "ते आपल्याला ओळखत नाही हो," ती म्हणाली आणि रडायला लागली. "त्याला लागतंय."

राघोबानं तिचं सगळं ऐकून घेतलं. मग तोही चिडला. "चार घाव आणखी, मथू. तेवढ्यानं झाड पडत नाही. आजवर पडलं नाही. आणि हंगाम सुरू झालाय, पोरगी ऐन वेळी कुठे जाईल? ढोल्या काय वाटेवर पडल्यात?"

तो बोलत होता ते खरंच होतं. झाड पडलं नसतं. मथूच्या नातीपर्यंत, पणतीपर्यंतही पडलं नसतं, आणि आबोलीला दुसरी ढोली वेळेत मिळेल याची खात्री कुणालाच नव्हती. मथू बराच वेळ दाराकडे बघत राहिली. तिला ते घर आजवर कधी नव्हतं इतकं हवंसं वाटलं. मग ती उठली आणि लेकीला सांगायला गेली.

आबोली हसून "बरं झालं, सुटले" म्हणेल असं तिला वाटलं होतं. आबोलीनं हंबरडा फोडला. "मला तीच ढोली हवी होती! मिळाली नाही तर वाईट वाटू नये म्हणून कुठेतरी, कुठेतरी करत होते. तुला एवढंही कळलं नाही?" मथूनं आपली चोच तिच्या चोचीवर ठेवली, पण आबोलीनं ती झिडकारली. आठ दिवस ती आईशी बोलली नाही. नवव्या दिवशी खबर आली, की खालच्या ओढ्यापाशी एका वाकड्या किंजळीच्या झाडात तिला जागा सापडली आहे. दार ओबडधोबड, भिंती खरखरीत, उशीर झालेला. मथू न बोलावता गेली आणि ओढ्यावरून माती आणून देऊ लागली. आबोली आतून लिंपत होती. फट तेवढी राहिली तेव्हा तिथून आवाज आला, "आई, पाठीला टोचतं गं."

"टोचू दे. घासून घासून तूच गुळगुळीत करशील," मथू म्हणाली. त्या साली आबोलीला एकच पिलू झालं, पण झालं ठणठणीत.

पण त्याआधी, त्याच हंगामात, थोरल्या बेहड्याचं एक काम राहिलं होतं. मथूनं धाकूला पुन्हा बोलावलं आणि आधी चार शब्दांत नमतं घेतलं. तो म्हणाला, "आत पाणी जाता कामा नये. दार बंद करून द्या, मग साल तिचं ती बघेल."

मथूनं आजवर एकोणीस वेळा ते दार लिंपलं होतं, पण आतून. बाहेरून लिंपायला बसली तेव्हा तिची चोच सारखी चुकीच्या बाजूला वळायची. मातीत तिनं या खेपेला प्रसाद घातला नाही. राघोबा समोरच्या फांदीवर पाठ करून बसला होता. सात पिढ्यांना काय तोंड दाखवू, असं काहीतरी पुटपुटत होता. शेवटची फट उरली तेव्हा दुपार झाली होती. मथूनं एक डोळा लावून आत बघितलं. ती रेघ भिंतीवर चढत होती. आत तिची एकोणीस हंगामांची पिसं होती, सासूची होती, त्याआधीच्या साऱ्याजणींची होती. "येते हं," ती म्हणाली आणि चोचीतला गोळा फटीवर दाबला. तेवढी माती पुरली नाही. तिनं मान वळवली तर राघोबा चोचीत ओला गोळा धरून बाजूला उभा होता. मग तोही खेपा घालू लागला.

त्याला आठ हंगाम झाले. मथू आणि राघोबा आता नुसतेच एका वडावर राहत, दोन म्हातारी पाखरं राहतात तशी, भांडत आणि एकमेकांची पिसं साफ करत. एका सकाळी पलीकडच्या डोंगरावरचं एक तरुण जोडपं विचारत विचारत आलं. त्यांनी बेहडेकरांच्या घराची फार कीर्ती ऐकली होती. दार तरी बघायला मिळेल का?

"न मिळायला काय झालं! चला," मथू म्हणाली.

चौघं थोरल्या बेहड्यावर आले. मथू एका गाठीपाशी थांबली. "हे इथे."

"छे! दार मावळतीकडे होतं. ती गाठ वेगळी," राघोबा म्हणाला.

"एकोणीस हंगाम मी राहिले की तुम्ही?"

"आणि बाहेरून येत कोण होतं?"

दोघांनी खोडाला दोन फेऱ्या घातल्या, थोरल्या चोचींनी साल चाचपून बघितली. सगळीकडे साल ती सालच. तरुण जोडपं एकमेकांकडे बघत अदबीनं मागोमाग फिरत होतं. शेवटी दोघं म्हातारी दमली आणि खोडातून मावळतीकडे निघालेल्या एका फांदीवर शेजारी शेजारी टेकली. फांदी त्यांच्या भारानं थोडी वाकली. पानं कोवळी होती. बसल्या बसल्या त्यांचं भांडण पुन्हा रंगात आलं, आणि राघोबा बोलता बोलता मध्येच थांबला. त्याची नजर स्वतःच्या पायांकडे गेली होती.

"मथू."

"आता काय?"

"ही फांदी आपल्या वेळी नव्हती."

मथूनं खाली बघितलं. मग तिनं पाय थोडे आवरून घेतले, पंख जरासे उचलले आणि ती हलकी होऊन बसली.