गाडीखालची पेटी

एका गावात महिपती नावाचा तरुण राहत होता. भजनात पेटी वाजवणे हा त्याचा छंद आणि स्वतःची गाडी असणे ही त्याची लहानपणापासूनची हौस. ती एकदाची पुरी झाली. गाडी जुनीच होती, पण ती दारात आल्यापासून त्याचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे तो आईला समुद्र दाखवायला नेणार होता. तिने समुद्र कधी पाहिलेला नव्हता. तिने दशम्याही भाजायला घेतल्या होत्या.

निघण्यापूर्वी इंजिनाचे तेल बदलायला हवे होते. ज्या वृद्ध वस्तादांकडे तो गाडीकाम शिकत होता, त्यांना त्याने मुद्दाम बोलावून घेतले आणि आज सगळे माझ्या हाताने करतो, तुम्ही नुसते बघा, असे सांगितले. वस्ताद ओट्यावर टेकले. महिपतीने अंगणातल्या सारवलेल्या मातीवरच जॅक लावला, भराभर गाडीचे तोंड उचलले आणि पाना घेऊन तो खाली सरकू लागला.

"थांब," वस्ताद म्हणाले. "आधी घरातली तुझी पेटी आण. ती गाडीखाली ठेव, मग तू जा."

महिपतीला हसू आले. पण गुरूचा शब्द मोडायचा कसा, म्हणून तो पेटी घेऊन आला. पेटी त्याच्या वडिलांच्या हातची होती. वाकून ती पुढे सरकवताना त्याचा हात थबकला. वर गाडीचे धूड आणि खाली तो एवढासा जॅक.

"नको वस्ताद," तो म्हणाला. "चेपली तर अशी पेटी पुन्हा मिळायची नाही."

वस्ताद उठले. त्यांनी त्याला पेटीसकट बाजूला केले आणि गाडीला खांद्याने रेटा दिला. जॅक मातीत कलंडला, गाडी धाडकन खाली आली. आवाज ऐकून आई पिठाच्या हातांनी धावत बाहेर आली. लेक उभा दिसला, तशी तिने दाराची चौकट घट्ट धरली.

वस्ताद सावकाश म्हणाले, "पेटीची काळजी तुला शिकवावी लागली नाही, बाळा. मग स्वतःला तिच्यापेक्षा स्वस्त का धरतोस? जॅक गाडी उचलण्यापुरता. त्याच्या भरवशावर कुणी खाली जायचे नसते."

महिपतीने कलंडलेला जॅक बाजूला काढला. त्याने गाडी अंगणाच्या कडेच्या पक्क्या फरशीवर घेतली, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दगड लावले आणि पुढचा भाग उचलून वस्तादांकडून आणलेल्या दोन लोखंडी घोड्यांवर, म्हणजे भक्कम तिवयांवर, टेकवला. मग वस्तादांनी धक्का दिला, त्याने दिला, आईनेही पदर खोचून दिला. गाडी हलली नाही. आता पेटी खाली सरकवताना त्याचा हात अडला नाही.

"काढ ती," वस्ताद हसून म्हणाले. "आता तू जा."

महिपती खाली गेला. त्याचे काम होईपर्यंत आई पेटी मांडीवर घेऊन ओट्यावर बसून होती आणि समुद्र किती लांब आहे ते वस्तादांना विचारत होती.