खैरमाळावरचे गाळलेले नाव

बालाघाटाच्या उतारावर खैरमाळ नावाचे लहानसे गाव आहे. ज्वारी हुरड्याला आली की तिथे शनिवार-रविवार लोककलावंतांचा मेळा भरतो. हलगीवाले, वाघ्या-मुरळी, शाहीर आणि वासुदेव गावाबाहेरच्या माळावर जमतात. रविवारी दुपारी सर्व गावाचा मिळून एक गोंधळ घातला जातो. देवदेवतांना आवाहन झाले की गावातल्या एकेका घराण्याच्या मूळपुरुषाचे नाव घेतात. ज्या घराचे नाव येईल, त्या घरची माणसे उभी राहतात. पण एका जागी संबळ अचानक थांबतो आणि सारे गायक ओठ मिटून घेतात. एक घराणे तरीही उभे राहते, आणि ते खाली बसेपर्यंत माळावर आवाज होत नाही.

नवखे पाहुणे इथे हमखास टाळ्या वाजवतात. मग दगडाने बंद केलेल्या एका पेवाच्या, म्हणजे जमिनीत खोदलेल्या धान्याच्या कोठाराच्या, तोंडाशी बसलेले गेनूअण्णा गोंधळी हात वर करतात. "थांबा पाव्हणं, संपलं न्हाई. एकाचं नाव चाललंय." पाहुणे गोंधळून पाहू लागले की अण्णा त्यांना ही हकिगत सांगतात.

फार पूर्वी, असे सांगतात, खैरमाळावर एक गढी होती. गढीच्या मालकाचे नाव कथेत येत नाही. सांगणारे त्याला नुसते 'गढीवाला' म्हणतात. गावच्या गोंधळाचा मान आवडा आणि सटवा या बहीणभावांकडे होता. आवडा तुणतुण्यावर गाई आणि सटवा संबळ वाजवी. आईबापांमागे आवडानेच त्याला वाढवले होते.

गढीवाल्याच्या मुलाचे लग्न झाले आणि गोंधळ मांडला गेला. चौकावर दिवटी लागली, तेव्हा गढीवाल्याने हुकूम सोडला, की पहिले नाव आपले घ्यायचे आणि देवीचे त्यानंतर. सटवाने संबळावरची काठी उचलून धरली. "मालक, आधी आईचं. तुमचं गाळनार न्हाई, पर रांगंनं येईल."

पंगतीतून कोणीतरी हसले आणि मग सगळी पंगत हसली. गढीवाल्याच्या मनात सटवाचे उत्तर राहिले नाही, ते हसू राहिले.

दुसऱ्या सकाळी गढीतले धान्याचे पेव उघडले. बंद पेवात विषारी वाफ साठते. म्हणून तोंड उघडून ते बराच वेळ तसेच ठेवतात, आत दिवा सोडून पाहतात, आणि दिवा तगला तरच माणूस उतरतो. ही रीत त्या मुलखातल्या लेकराबाळांनाही ठाऊक असते. गढीवाल्याने दिवा मागवला नाही. त्याने सटवाला दोराने खाली उतरवले आणि दोर वर ओढून घेतला. "आता खालून पहिलं नाव माझं घे. मला ऐकू आलं की दोर सोडतो."

आवडा धावत आली, तेव्हा दोन गड्यांनी तिचे दंड धरले. पेवातून सटवाची हाक आली, ती देवीच्या नावाची होती. दुसरी हाक बारीक आली. मग काही आले नाही.

"तू घे त्याच्या वतीनं," गढीवाला म्हणाला.

आवडाने नाव घेतले. देवीच्या आधी, गळा फाटेस्तोवर, तिने गढीवाल्याचे पूर्ण नाव बापासकट घेतले. तो शब्दाला जागला, त्याने दोर सोडला. पण दोर धरायला खाली कोणी उरले नव्हते.

काही गावांत सांगतात, की तिने तिथेच शाप दिला आणि गढीला तडा गेला. खैरमाळचे लोक हे मानत नाहीत. त्यांच्या मते आवडा शांतपणे उठली, भावाच्या संबळावरची धूळ तिने पदराने पुसली आणि एवढेच म्हणाली, "ह्या माळावर गढीवाल्याचं नाव मी शेवटचं घेतलं."

मग ती पंचक्रोशीत फिरू लागली. शेजारच्या गावचा दगडू हलगीवाला तापट होता. तो म्हणाला, "आक्के, तू नुसती मान हलव. त्याच्या कडब्याच्या गंज्या आजच पेटवतो."

"गंज्या पुन्यांदा रचील त्यो. त्याचं नाव टाक तुझ्या तोंडातनं."

"आन त्यानं काय हुतंय?"

"म्हातारा होऊ दे त्याला. मग बघ."

दगडूने हलगीवर हात ठेवून शब्द दिला. पुढे वासुदेवाने दान पावल्याच्या गाण्यातून ते नाव काढले. बायकांनी जात्यावरच्या ओवीतून काढले. दवंडीवाला 'गढीवरून सांगावा हाय' एवढेच ओरडू लागला. गढीवाला सुरुवातीला हसला म्हणे. मग त्याने लांबून गाणारे बोलावले. पण वेशीवर त्यांना पाणी पाजणाऱ्या बायाच पेवाची हकिगत सांगत, आणि गाणारे तांब्या खाली ठेवून माघारी वळत. पोटच्या मुलांना त्याचा धाक असे, पण बापाचे नाव घेणे त्यांच्या रीतीत बसत नव्हते. अशा रीतीने जिवंत माणसाच्या कानावर स्वतःचे नाव येईनासे झाले.

या सूडाचे मर्म त्या घराण्याच्या देवघरात होते. माणूस गेल्यावर त्याचा टाक, म्हणजे धातूच्या पत्र्यावरची प्रतिमा, करून पूर्वजांच्या ओळीत बसवायचा, आणि गोंधळात त्याचे नाव पुकारले गेले तरच तो तिथे स्थिरावतो, अशी त्या भागाची श्रद्धा. नाव पुकारले नाही तर तो उंबऱ्याबाहेरच राहतो. गढीवाला थकला, रात्रीचा दचकून उठू लागला, आणि एक दिवस काठी टेकत आवडाच्या पालाशी आला. ती तुणतुण्याची तार ताणीत बसली होती.

"आवडा, एकडाव घे."

"कुनाचं, बाबा?"

"माझं."

"तुमी कोन म्हनायचं?"

"वळखलं न्हाईस? तुज्या भावाला पेवात सोडनारा मी."

"व्हता खरा असा एकजन. नाव काय बरं त्याचं?"

म्हाताऱ्याने नाव सांगायला तोंड उघडले आणि आवडाने तार छेडली. तो थांबला की ती थांबे. त्याने पुन्हा तोंड उघडले की तार वाजे. शेवटी तो तिच्या पालापुढे मातीत बसला. तेव्हा ती म्हणाली, "मुलखातले समदे कलावंत बोलवा. दोन दिस त्यांना जेवू घाला. पेवाच्या तोंडाशी गोंधळ मांडू."

त्याला वाटले, बाईचे मन विरघळले. त्याने चुली मांडल्या, हुरडा भाजवला आणि बैलगाड्या धाडून माणसे आणवली. खैरमाळचा पहिला मेळा हाच, असे सांगतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी आवडाने देवीला पुकारले, मग एकेका घराला. गढीचा क्रम आला, तसा म्हातारा नातवाच्या खांद्याला धरून उभा राहिला आणि त्याने कानावरचे पागोटे सारले. सटवाचा संबळ आता दुसऱ्या गोंधळ्याच्या हाती होता, तो थांबला. सगळ्या हलग्या आणि सगळे कंठ थांबले. पेवातून तिसरी हाक आली नव्हती, तेव्हा जशी पडली होती, तशी शांतता माळावर पडली. न राहवून म्हातारा स्वतःच आपले नाव ओरडला. त्याच क्षणी सारी वाद्ये एकदम उठली आणि ते नाव कोणाच्याही कानापर्यंत पोचले नाही.

काही दिवसांतच तो वारला. त्याचा टाक घडवला गेला, पण देवघरात बसला नाही. मुले आवडाकडे गेली, तेव्हा ती म्हणाली, "तुमच्यावर माजा राग न्हाई. मेळा भरवा, आन तुमची पाळी आली की उभं ऱ्हावा. नाव तेवढं मागू नगा." बाप उंबऱ्यापर्यंत तरी यावा, या आशेने ते घर मेळा भरवत राहिले.

पुढे त्या घरातूनही ते नाव गेले. ते उरले एकाच ठिकाणी. गोंधळ्याच्या घरी नवा गडी संबळ हाती घेतो, तेव्हा गुरू ते नाव त्याच्या कानात एकदाच सांगतो. काय गाळायचे हे ठाऊक नसेल, तर ते चुकून एखाद्या पदात येईल, अशी त्यामागची धास्ती. सूड टिकवायचा तर नावही टिकवणे भाग होते. आवडाने हे ओळखले होते. ज्यांनी ते गोंधळात कधीच पुकारायचे नाही, त्यांच्याच हवाली तिने ते केले.

आजही मेळ्याचा स्वयंपाक त्याच घराकडे असतो. यंदा त्या घरच्या थोरल्या सूनबाई, पार्वतीकाकू, भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, "अण्णा, माझ्या कानात तरी सांगा. मी कुनाला बोलनार न्हाई."

"आमटी वाढ थोडी," अण्णा म्हणाले.

त्यांनी आमटी वाढली. दुपारी संबळ थांबला, तेव्हा काकू पिठाचे हात तसेच घेऊन उभ्या राहिल्या. शेजारी त्यांचे दीर, जावा, नातवंडे उभी होती. त्या घरातले लहानथोर, आजही, मान खाली घालत नाहीत. कुठे एखादा ओठ हलतो का, हे पाहत ते गोंधळ्यांच्या मिटलेल्या तोंडांकडे टक लावून राहतात.