मातीच्या नटांचे अंगण

एका राज्यात नाटक संपले की टाळ्या वाजत नसत. सगळे श्वास रोखून बसत, कारण रंगमंचाच्या कोपऱ्यात पितळी दांडीवर एक साळुंकी बसलेली असे. रसिकांच्या वादांना विटलेल्या राजा विराजसेनाला ती एका मांत्रिकाने दिली होती. राजाला निकाल हवा असे, तोही एका शब्दात. राजपरीक्षक उठून 'सोने' म्हणे किंवा 'माती' म्हणे, आणि साळुंकी तो शब्द उच्चारी. सोने म्हटले की नटाच्या गळ्यात हार पडे. माती म्हटले की नट उभ्या जागी मातीचा होई.

असे मातीचे नट राजवाड्यामागच्या अंगणात ओळीने उभे होते. उन्हाने त्यांना भेगा पडत. कुणाचे नाक झडले होते, कुणाचा नुसता ढीग उरला होता. झाडूवाले तो ढीग भरून नेत, आणि त्याचे कुणाला काही वाटेनासे झाले होते. माणसे कशाला सरावतील याचा नेम नाही.

भानुगुप्त हा राजपरीक्षक. त्याची एकुलती एक मुलगी चारुशीला नटी होती. एकदा ती एका नाटकात राणी झाली. राजा रणात पडल्याची वार्ता आली तेव्हा राणीने रडायचे, अशी रीत होती. चारुशीला हसली. सभा थिजली. भानुगुप्त उठला.

"माती," तो म्हणाला.

साळुंकीने शब्द उच्चारला.

भानुगुप्त रोज अंगणात जाऊ लागला. मुलीच्या डाव्या हाताची दोन बोटे गळून पडली, तेव्हा त्याचा धीर सुटला. त्याने साळुंकीपुढे गुडघे टेकले.

"शापाला तोड आहे," साळुंकी म्हणाली. "त्या दिवशीचे तीन प्रेक्षक गाठ. तिने काय केले ते विचार, आणि मला खरे सांग. खोटे बोललास तर तूही माती होशील."

पहिली भेटली ती एक विधवा कोष्टीण. ती म्हणाली, "माझा नवरा गेला तेव्हा मीही अशीच हसले होते. लोक मला वेडी म्हणाले. त्या पोरीने माझी लाज राखली."

दुसरा एक म्हातारा नट होता. "हसू खरे होते," तो म्हणाला, "पण त्यापुढचे वाक्य तिने गिळले. मागच्या रांगांना काहीच ऐकू गेले नाही."

तिसरा सैनिक. "मला राग आला. राणीने हसावे काय? पण पहाऱ्यावर उभा असलो की तेच हसू ऐकू येते. त्याचे काय करू, ते सांगा."

भानुगुप्त दरबारात परतला. राजा सिंहासनावर होता.

"बोल," साळुंकी म्हणाली. "सोने की माती?"

"एकीला ते आपले वाटले. एकाला त्यात उणे दिसले. एकाला ते आवडले नाही आणि विसरताही आले नाही. तिघेही खरे बोलले. यांचा एक शब्द होत नाही."

"आणि चौथा प्रेक्षक? तू तर पुढेच बसला होतास."

भानुगुप्त म्हणाला, "मी तिच्याकडे पाहिलेच नाही. मी महाराजांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. बापाने लेकीला झुकते माप दिले, असे कुणी म्हणू नये, एवढेच माझ्या मनात होते. त्यालाच मी न्याय समजत होतो."

साळुंकीने ते बोलणे निकाल म्हणून उच्चारायला चोच उघडली. पण निकालाचा एकच शब्द पेलण्याचा तिला मंत्र होता. ती घुसमटली, दांडीवरून खाली पडली आणि मेली.

अंगणात माती हलली. जे उभे होते ते माणसात आले. ज्यांचे ढीग झाडून नेले होते, ते आले नाहीत. त्यांच्या बायका अंगणात शोधत राहिल्या. विराजसेनाने मान खाली घातली आणि दांडी मोडून टाकण्याची आज्ञा दिली. त्यानंतर त्या राज्यात नाटक संपले की लोक पुन्हा वाद घालू लागले.

चारुशीलेने आपला उणा हात पदराखाली घेतला.

"बाबा, माझे हसणे कसे वाटले?"

"मी पाहिले नाही, बाळ. पुन्हा करशील?"

रिकाम्या अंगणात ती उभी राहिली आणि हसली. या वेळी भानुगुप्ताने नजर हटवली नाही. ते हसू त्याला किंचित लांबलेले वाटले. 'मला असे वाटले,' असे म्हणून त्याने ते सांगितले, आणि कुठे लांबले तेही सांगितले. ती त्याच्यासमोर बसून ऐकत राहिली.