भिवराईचं फूल

हातातल्या अक्षता क्षणभर तशाच मुठीत धरा बायांनो, आणि भिवराईचं ऐका. ही गोष्ट रागाची आहे. पण व्रताच्या दिवशी रागाचंही ऐकावं. देवीलाही राग येतोच की.

फार वर्षांपूर्वी एका ओढ्याच्या दोन काठांवर थोरलं हिवरं आणि धाकटं हिवरं अशी दोन गावं होती. दोन्हींची जत्रा एक, देवी एक. थोरल्या हिवऱ्यात भिवराई नावाची पाथरवटीण राहायची. जाती घडवायची, झिजलेल्या जात्यांना टाकी लावून द्यायची. खुंट्याशेजारी चार पाकळ्यांचं इवलं फूल कोरायची, ती तिची खूण. तिच्या जात्याच्या पिठात कधी कच लागली नाही, असं म्हणतात. तिची एकुलती लेक अनशी धाकट्या हिवऱ्यात दिलेली. पहाटे मायलेकी आपापल्या घरी दळायला बसल्या की एकीची ओवी दुसरीला ऐकू जायची, इतकं सासर जवळ.

दूर दोन राजधान्यांत दोन राजे होते. एक थोर, एक दबलेला. दोघांनी हिवरं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी मैत्रीचा तह केला. थोराने नकाशावर बोट ओढलं, दबलेल्याने मान हलवली, आणि ते बोट आमच्या ओढ्यातून गेलं. झाली मैत्री!

मग दरबारातून एक कारभारी भिवराईकडे आला. देवीच्या वाटेवर उभे करायला चाळीस दगड हवेत, म्हणाला. देवीचं नाव ऐकताच भिवराईने हात जोडले. चार महिने एकवेळ जेवून तिने दगड घडवले. मोबदला म्हणून एक नारळसुद्धा घेतला नाही. दर दगडावर मनापासून फूल कोरलं. गाड्या आल्या, दगड घेऊन गेल्या.

ते दगड देवीच्या वाटेवर नव्हे, ओढ्यातून या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत पुरले गेले. दर दगडाशी इकडचा एक भालेकरी, तिकडचा एक.

पुढे अनशीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण, आठव्या महिन्यात ती माहेरी निघाली. ओढ्यात शिपायाने गाडी अडवली. परवाना आण म्हणाला. परवाना मिळायचा राजधानीत, तिथली वाट आठ दिवसांची. अनशीची नजर दगडावर गेली. म्हणाली, "दादा, ही तर माझ्या आयेची खूण."

शिपाई हसला. "मग आयेलाच विचार, दगड कशाला उभा केला ते."

त्याच घटकेला वाजतगाजत एक हत्ती आला. या राजाने त्या राजाला आंबे धाडले होते. भाले बाजूला झाले, शिपायांनी मुजरा केला, आंबे पलीकडे गेले. आठ महिन्यांची पोटुशी बाई उन्हात उभी राहिली.

भिवराई धावत आली. चार हातांवर लेक, मध्ये आपलंच फूल. ती रडली नाही. तिने ओढ्याचं पाणी ओंजळीत घेतलं आणि म्हणाली, "देवीच्या नावाने मला फसवलंत. माझ्या लेकीची वाट मोकळी होईपर्यंत, माझं फूल आहे त्या दगडातून पीठ पडणार नाही." आणि दगडाशी बसली. पलीकडे अनशी बसली.

दुसऱ्या पहाटे दोन्ही गावांत जाती फिरली आणि दाणे अख्खेच्या अख्खे बाहेर आले, असं म्हणतात. भिवराईची जाती दोन्ही राजांच्या मुदपाकखान्यांतही होती. तिथेही तेच. दुसरे पाथरवट आणले, तर त्यांच्या टाक्या मेणासारख्या वाकल्या. राजापासून शिपायापर्यंत सगळे उकडलेली ज्वारी चावू लागले. धाकट्या हिवऱ्याची म्हातारी सुईण शिपायांना म्हणायची, "खा बाबांनो घुगऱ्या. बारसं जवळच आलंय."

नवव्या दिवशी अनशीला कळा सुरू झाल्या. बायांनी लुगड्यांचा आडोसा धरला आणि दगडाच्या पायाशीच मुलगी जन्मली. तेवढ्यात दोन्हीकडचे सरदार येऊन पोचले. लेकरू कुणाच्या हद्दीत, कुणाची प्रजा, यावर तिथेच वाद घालू लागले. बाळंतिणीला कुणी घोटभर पाणी विचारलं नाही.

भिवराई उठली. सरदारांना म्हणाली, "प्रजा मोजायला मागाहून बसा. आधी माझा दगड मला द्या."

तिने छिन्नी टेकवली, एकच घाव घातला. दगड उभा चिरला आणि त्याच्या जात्याच्या दोन गोल पाळ्या झाल्या, एक तळाची, एक वरची. त्याबरोबर या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत एकोणचाळीस आवाज झाले आणि सगळे दगड तसेच दुभंगले, असं म्हणतात. सरदार घोडे फिरवून निघाले. अनशीला अडवणारा शिपाई मात्र खाली मान घालून उभा होता. भिवराई त्याला म्हणाली, "बघतोस काय? बस खाली, खुंटा धर. माझ्या लेकीला पेज लागेल." तो बसला. नऊ दिवसांनी पहिलं पीठ पडलं, ते त्याच्या हातचं. पेज पिऊन अनशी लेकरू घेऊन माहेरी गेली.

तळाच्या पाळ्या भिवराईने थोरल्या हिवऱ्याला दिल्या, वरच्या धाकट्याला. आता एकट्याने दळून दाखवा, म्हणाली.

त्या राजांची नावं आज कुणाला सांगता येत नाहीत. हद्द मात्र आहे बाई, अजून आहे. राजे गेले, दुसरे आले, दगडांच्या जागी नाका आला. पण लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघाली की धाकट्याच्या दोघी बाया वरची पाळी उचलून ओढ्यात आणतात, थोरल्याच्या तळाची मांडतात. समोरासमोर बसून भिवराईच्या नावाने पाच मुठी ज्वारी दळतात, तिथेच चूल मांडून भाकरी थापतात. पहिली भाकरी नाक्यावरच्या शिपायाला. तो जेवत असताना कुणाला कागद विचारत नाही, अशी रीत आहे.

आणि भाकरी मोठी थापतात. त्याचा शेवटचा घास होईतो लेक आईच्या उंबऱ्यात पोचलेली असते.

टाका आता अक्षता.