मोहबांधच्या कारंज्याची घटका

मोहबांधच्या बंगल्यात येणारा प्रत्येक पाहुणा शेवटी एकच प्रश्न विचारतो. पुढ्यात डोळ्यांत न मावणारा तलाव, बगीच्यात गुलाबांचे ताटवे, सोनचाफ्याची कवेत न मावणाऱ्या बुंध्यांची झाडं, आणि ऐन मधोमध कमळाच्या आकाराचं दगडी कारंजं मात्र कोरडं ठणठणीत. हौदात पालापाचोळा पडलेला. ‘मोटार बिघडली का हो?’ असं विचारणारा दर रविवारी निदान एक तरी भेटतोच.

दसरूजी त्याच्याकडे बघून हसतात. ते या बगीच्याचे जुने माळी. आता गुडघे बोलायला लागले म्हणून खुरपं मुलाच्या हाती दिलंय आणि स्वतः लोकांना बंगला दाखवतात. दिवाणखान्यातली झुंबरं, पुरुषभर उंचीचे आरसे, मालगुजारांची शिसवी पालखी हे सगळं ते पाव तासात उरकतात, कारण आरसे काय कुठेही बघायला मिळतात असं त्यांचं म्हणणं. कारंज्यापाशी आले की मात्र सगळ्यांना चपला काढायला लावतात आणि स्वतः काठावर टेकतात.

‘मोटार लागतच नाई याले, बापू,’ ते म्हणतात. ‘हे कारंजं आपल्या मनानं उडते. पर वर्षातून एकदाच, अन् तेही घटकाभर. बसा, सांगतो.’

त्यांनी सांगितलेली हकिगत अशी.

बंगला बांधला डोमाजी मालगुजारांनी. तलाव त्याच्याही आधीचा, त्यांच्या आजोबांनी आणि गावाने मिळून खणलेला. तलावाच्या बांधात खाली एक दगडी तोंड आहे, त्याला तुडूम म्हणतात. तुडूम उघडला की पाणी पाटाने धानाच्या शेतांत जातं. हे पाणी कोणाला, कधी, किती द्यायचं ते ठरवणारा माणूस म्हणजे पाणकर. मालगुजार गावाचा धनी खरा, पण पाण्याच्या बाबतीत पाणकराच्या शब्दापुढे तोही जात नसे.

त्या काळी पाणकर होता उरकुडा. काटकुळा, कमी बोलणारा, डोक्याला कायम पंचा गुंडाळलेला. त्याच्याजवळ बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी होती. पाण्याने भरलेल्या घंगाळात ती सोडायची, ती भरून बुडाली की एक घटका झाली. घटकेवर पाणी मोजायचं. सगळ्यांत लांबच्या शेताला आधी पाणी, मग त्याच्या वरच्याला, असं करत करत तुडुमापर्यंत यायचं, आणि सगळं गाव भिजलं की अगदी शेवटी पाणकराचं शेत. त्याचा वाटा एका घटकेचा. बावीस वर्षं उरकुड्याने डोळ्यांत तेल घालून हा नियम पाळला. सख्ख्या भावाला त्याने कधी वाटीभर पाणी जास्त सोडलं नाही. भाऊ त्यामुळे दोन वर्षं बोलत नव्हता म्हणे.

डोमाजींना एकच लेक, भागरथा. आई तिच्या जन्माच्या वेळीच गेली. या पोरीसाठीच त्यांनी बगीचा केला आणि हे कारंजं बसवलं. तुडुमाच्या पाटाला एक लहानशी खिडकी ठेवून तिथून मातीचे नळ पुरत पुरत हौदापर्यंत आणले. तलाव उंचावर, बगीचा खोलात, त्यामुळे खिडकी उघडली की पाणी आपोआप उसळायचं. भागरथा तासन्‌तास काठावर पाय सोडून बसायची. पाटाची वाट बगीच्यातूनच जात असे, तेव्हा उरकुड्याची आणि तिची रोजची गाठ. एरवी कोणाशी न बोलणारा तो तिच्याशी बोलायचा. तुडुमात उतरल्यावर मासे पायाला कसे चावतात ते सांगायचा, आणि ती खळखळून हसायची.

भागरथा बाराव्या वर्षात असताना तिला तापाने धरलं. आज उतरेल, उद्या उतरेल म्हणता म्हणता चार महिने झाले. नागपूरचे डॉक्टर येऊन गेले, वैदू येऊन गेले. पोर अंथरुणाला खिळली. तिला हवा लागावी म्हणून खालच्या खोलीत, कारंज्याकडच्या खिडकीशी तिची खाट टाकली.

आणि नेमका त्याच वर्षी पोळ्यानंतर पावसाने तोंड फिरवलं. तलाव तळाला गेला. बंगल्याच्या विहिरीत पिण्यापुरतं पाणी उरलं. आश्विनात धान निसवायला आलं, लोंबी पोटात आणि जमिनीला भेगा. गाव मारुतीच्या देवळापुढे बसलं. तेव्हा डोमाजी पहिले उठले आणि म्हणाले, ‘या सालचा माह्या शेताचा वाटा सोडला. तो गावात वाटून टाका. अन् बगीच्याले एक थेंब द्यायचा नाई.’ त्यांच्या घरात कोठ्या भरलेल्या होत्या, हे खरं. पण म्हणून कोण सोडतं? लोकांनी त्यांच्या पायांवर डोकी ठेवली. घरी येऊन त्यांनी सगळ्यांना बजावलं, गावाकडे पाणी मागायचा शब्दही काढायचा नाही.

तुडूम उघडला. सात दिवसांचं पाणी होतं, बस. उरकुडा दिवसभर पाटावर. लोक काठ्या घेऊन बांधावर उभे, पण त्याची वाटी चुकायची नाही, त्यामुळे भांडण एकही झालं नाही.

तिसऱ्या दिवशी तो खिडकीखालून जात होता, तेव्हा आतून हाक आली.

‘उरकुडाबाबा.’

तो थांबला. पोर उशीला टेकून बसली होती. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत जात होत्या.

‘कारंजं उडव ना एकडाव.’

‘माह्याजवळ कुटचं पानी, माय?’ तो म्हणाला. ‘पानी गावाचं हाये.’

‘थोडंसंच. घटकाभर.’

‘पुढच्या साली देईन. तलाव भरू दे. दिवसभर उडवू.’

तिने हट्ट केला नाही. वडिलांना सांगू नको एवढं मात्र म्हणाली, आणि त्यानेही ते कोणाला सांगितलं नाही. पाचव्या दिवशी तिने पुन्हा विचारलं, आणि त्याने पुन्हा तेच उत्तर दिलं. तेव्हा ती म्हणाली, ‘मंग तोंडानं तरी कर. आवाज.’

गावात ज्याला हसताना कोणी पाहिलं नव्हतं असा तो माणूस खिडकीच्या गजाला धरून उभा राहिला, गाल फुगवले, आणि ओठांनी कारंज्याचा आवाज काढू लागला. आधी पाणी नळातून चढतानाची गुळगुळ, मग उसळी, मग हौदात पडणारे थेंब. भागरथा डोळे मिटून ऐकत होती. ती हसली, मग तिला ठसका लागला, आणि आतून दाई धावत आली तसा उरकुडा तिथून निघाला. डोळे पुसत पुसत पाटाने गेला, असं सांगतात.

सातव्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्या गावाचं धान भिजलं. आता तलावात एका घटकेचं पाणी उरलं होतं. ती पाळी उरकुड्याची. बावीस वर्षांच्या सवयीने त्याने घंगाळात वाटी सोडली, आपल्या शेताचं तोंड फावड्याने मोकळं केलं आणि आत जाऊन उभा राहिला. घोट्यापर्यंत पाणी चढलं. भेगांमधून बुडबुडे आले. वर्षभराचा भात वाचला म्हणून बांधावर त्याची बायको सारजा हात जोडून उभी होती.

तेवढ्यात बंगल्याकडून रडण्याचा कल्लोळ उठला.

उरकुडा दचकून वळला. त्याच क्षणी बांधावरच्या घंगाळात वाटी बुडाली. घटका झाली. आणि आपल्या पायांभोवतीच्या पाण्याकडे बघताना त्याच्या लक्षात आलं की पोरीने मागितलं होतं ते हेच. घटकाभर पाणी. गावाचं नव्हे, त्याचं स्वतःचं. नियमाने त्याचं.

माझ्याजवळ पाणी नाही, असं तो म्हणाला होता, आणि खोटं बोलला नव्हता. बावीस वर्षं दुसऱ्याचं पाणी वाटता वाटता आपलंही काही पाणी आहे हे त्याच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. लेकरांच्या तोंडचा घास म्हणून त्याने विचार करून नाही म्हटलं असतं, तरी त्याला कोणी बोल लावला नसता. पण त्याने विचारच केला नाही. हेच त्याला सहन होईना.

लोक बंगल्याकडे धावत गेले तेव्हा त्यांना दिसलं ते असं. उरकुडा आपल्या शेतातलं पाणी घागरीने उपसतोय, धावत बगीच्यात येतोय, कोरड्या हौदात ओततोय आणि पुन्हा धावतोय. गढूळ पाणी, त्यात धानाची पाती. दगड तापलेला, अर्धं पाणी तिथेच जिरत होतं. घागरीने ओतून कारंजं काय उडतं? पण त्याला सांगणार कोण?

सारजेने त्याचा हात धरला. ‘अवो, का करून राह्यले तुमी? लोक पाहून राह्यले.’

‘माहंच होतं ना व ते,’ उरकुडा म्हणाला. ‘सारजा, माहं पानी होतं.’

डोमाजी बाहेर आले. उरकुड्याने त्यांच्या पायांवर लोळण घेतली आणि तिसऱ्या दिवसापासूनचं सगळं सांगितलं. ते ऐकून डोमाजी पायरीवर त्याच्याशेजारी बसले. आपल्या लेकीला काय हवं होतं, हे बापाला ती गेल्यावर कळलं, आणि तेही दुसऱ्याच्या तोंडून. तिने मागू नये असा हुकूम त्यांनी स्वतःच दिला होता. त्यांनी उरकुड्याच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाले, ‘तू नेम पाळला गा.’

‘नेमातच ते माहं होतं, मालक,’ उरकुडा म्हणाला.

घागरीने शेत थोडंच उपसून रिकामं होतं? त्या साली उरकुड्याच्या शेतात धान असं पिकलं की गावात कोणाचं तसं नव्हतं. सारजेने ते रडत रडत कापलं. घरात तीन लेकरं होती, ती काय करणार? उरकुड्याने त्यातलं एक शीत तोंडात घातलं नाही. आंबील पिऊन राहिला.

पुढच्या साली पाऊस मनसोक्त पडला, तलाव काठोकाठ भरला. तुडूम उघडायच्या दिवशी उरकुडा देवळापुढे उभा राहिला आणि म्हणाला की माझी घटका आता शेताला नको, हौदाला द्या, मी आहे तोवर आणि मी नसलो तरीही. एक म्हातारा म्हणाला, मग तुझी घटका आपण पहिली घेऊ, मानाची. उरकुड्याने मान हलवली. पाणकराची पाळी शेवटचीच, ती मोडायची नाही. गावाने ऐकलं. त्याच्या घरी दर खळ्यावर प्रत्येकाने पायली पायली धान पोचवायचं ठरलं.

सातव्या दिवशी शेवटच्या घटकेला त्याने बगीच्याची खिडकी उघडली. नळातून पाणी गुळगुळत चढलं आणि उसळलं. ज्या खोलीत खाट होती तिची खिडकी डोमाजींनी स्वतःच्या हाताने उघडून ठेवली होती. आत कोणी नव्हतं. उरकुडा तिथे गजाला धरून उभा राहिला, आणि पाणी खरोखर पडत असताना तोंडाने तोच आवाज काढत राहिला, वाटी बुडेपर्यंत. त्या दिवशी मोहबांधात रडलं नाही असं माणूस नव्हतं, असं दसरूजींचे आजोबा सांगत. त्यांनी त्यांच्या आजोबांकडून ऐकलं होतं.

हे झाल्यापासून उरकुड्याला आणखी एक खोड लागली. दारात कोणी काही मागायला आलं, चिमूटभर मीठ, चूल पेटवायला इंगळ, दोरी, काहीही, आणि ‘नाही’ म्हणायची वेळ आली, की तो तसाच उठायचा, आत जायचा, मडकी हलवून बघायचा, पाटीखाली बघायचा, आढ्यात हात घालायचा. मग बाहेर येऊन सांगायचा. सारजा आधी चिडायची. पुढे तीही तसंच करू लागली, मग शेजारीण, मग आळी.

आजही आश्विनात सातव्या दिवशी, सगळी शेतं भिजल्यावर, कारंजं घटकाभर उडतं. तेवढा वेळ बगीच्यात कोणी बोलत नाही. उरकुड्याच्या त्या शेतात आजही धान नाही, गवत आहे. आणि मोहबांधात आजही कोणी दारातून ‘नाही’ म्हणत नाही. डबा रिकामा आहे हे पक्कं ठाऊक असलं तरी घरधनीण आत जाते, झाकण काढते, तळापर्यंत हात फिरवून बघते, आणि मगच बाहेर येऊन मागणाऱ्याला सांगते.