वाफ्यातला नाच

"आबा, माझ्या वाफ्यात नाचायला तुम्ही कुणाला विचारलंत?"

हिरुतचा आवाज अख्ख्या डोंगराला ऐकू गेला. जाईना का! अकरा दिवस खपून तिनं तो वाफा खणला होता. ढेकूळ न् ढेकूळ हातानं फोडलं होतं. माती कशी, पिंजलेल्या कापसासारखी. आणि आज त्याच मातीत नऊ पोरं, सात शेळ्या आणि काठी आपटत ऐंशी वर्षांचे आबा थयथय नाचत होते.

इथिओपियाच्या या डोंगरात म्हाताऱ्या धर्मगुरूला आबाच म्हणतात. परमुलखात जन्मलेली इथली नातवंडं दर पावसाळ्यात त्यांच्याकडे येत. आज्या-पणज्यांची शेती हातानं शिकायला.

हिरुत त्यांतली सगळ्यात हुशार. आणि ते तिला पुरतं ठाऊक. तिकडच्या शेतकी शाळेत पहिली आलेली, मग काय, नाकानं कांदे सोलायची.

"मुळांना भुसभुशीत माती लागते, आबा. पुस्तकात आहे."

"कुठल्या पिकाच्या पुस्तकात?"

"...मक्याच्या."

पोरं फिस्सकन हसली. शेळ्यांनाही कंठ फुटला.

हिरुतनं कमरेची पुरचुंडी मुठीत आवळली. आत मूठभर टेफ होतं. खसखशीएवढा दाणा, इथल्या घराघरातली रोजची भाकरी त्याचीच. तिची आजी याच गावची. गाव सुटलं तेव्हा ती हे बी घेऊन गेली आणि परक्या शहरात, चौथ्या मजल्यावर, दर वर्षी कुंड्यांत पेरून तिनं ते जगवलं. आता आजी नव्हती. उरलं होतं ते एवढंच. पेरायला चुकलं, की संपलं.

"एक दाणा दे," आबा म्हणाले.

"एकच हं!"

वाफ्याच्या कोपऱ्यात थोडी माती अजून मऊ होती. आबांनी दाणा तिथं टाकला.

"शोध."

हिरुत गुडघ्यांवर बसली. फुंकर घातली, नखांनी उकरलं, माती बोटांतून गाळली. ऊन माथ्यावर आलं...

दाणा नाही.

"आमच्या बोलीत 'टेफा' म्हणजे काय, ठाऊक आहे?"

"धान्य."

"हरवलं. म्हातारी माणसं सांगतात, त्यावरूनच या धान्याचं नाव पडलं. आण, अजून एक दे."

हा दाणा आबांनी नाचून घट्ट झालेल्या काळ्या मातीवर टाकला. पांढरा ठिपका तिथंच राहिला, सगळ्यांना दिसेल असा.

हिरुतनं वाकून त्या ठिपक्याला बोट लावून पाहिलं.

"तुझी आजी कुंडी कशी पेरायची?" आबांनी विचारलं.

"ती... आधी मातीवर थापा मारत बसायची. ताल धरून. खांदे उडवत. शेजारी हसायचे. मला लाज वाटायची, मी दार लावून घ्यायचे."

"कसा ताल?"

हिरुतनं मांडीवर थाप मारली. धप्प. धप्प-धप्प... धप्प.

आणि तिचा हात तिथंच थांबला.

सकाळपासून आबांची काठी त्याच तालावर आपटत होती.

हिरुतनं पायातले महागडे बूट काढले, बांधाकडे भिरकावले. एक शेळीच्या पाठीत बसला. मग ती वाफ्यात उतरली. अकरा दिवसांची मेहनत तिनं स्वतःच्या टाचांखाली अशी तुडवली, अशी तुडवली, की पोरं टाळ्या वाजवायची विसरली. खांदे उडवायला तिला कुणी शिकवलं नव्हतं. ते आपसूक उडत होते. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

दमून तिनं गुडघ्यांवर हात टेकले.

"आबा... तो पहिला दाणा मग हरवलाच?"

आबा नाचतच होते.

"हरवला की गं पोरी. तुझी आजी हरवली होती ना... तसाच."