आठवीतले वडील

देशमाने सरांचा खडू फळ्यावर कर्रकर्र वाजायचा. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. आमच्या बंदरावरच्या शाळेत मी शिपाई होतो. सर फळ्यावर निबंध लिहायचे आणि आठवी 'अ'ची मुलं तो उतरवून घ्यायची.

'ब' तुकडीला नव्या पेडणेकर बाई आल्या. त्या म्हणायच्या, "घरी जे दिसतं तेच लिहा रे." मधल्या सुट्टीत 'अ'ची मुलंही त्यांच्याभोवती जमू लागली, आणि सरांना चहा गोड लागेना.

शेवटी सर हेडमास्तरांकडे गेले. "बाईंकडून आठवी काढून घ्या. त्यांच्या एका मुलाचा निबंध दुसऱ्याशी जुळत नाही. माझ्या मुलांची ओळसुद्धा चुकत नाही."

हेडमास्तरांनी बाईंना बोलावलं आणि 'अ'चे 'माझे वडील' हे निबंध मोठ्याने वाचले. पहिल्याचे वडील चष्मा लावून वर्तमानपत्र वाचत होते, मग ऑफिसला जात होते. दुसऱ्याचेही तेच, तिसऱ्याचेही तेच. खरं तर त्या मुलांचे वडील पहाटे होडी घेऊन समुद्रात जाणारे.

बाईंनी हळूच विचारलं, "सर, तुमच्या वर्गातली सगळी मुलं सख्खी भावंडं का हो?"

हेडमास्तर हसू दाबत म्हणाले, "आठवी बाईंकडेच राहू दे."

मी सरांसाठी दार धरून उभा राहिलो. ते हातावरचा खडू झटकत निघून गेले.